राजीनामा लिहिण्याआधी शाळेचं कपाट उघडा, ताई

ताई, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. सांगलीहून बीड जिल्ह्यातल्या तांड्यावर शिक्षणसेवक (पहिली तीन वर्षं मानधनावरचा शिक्षक) म्हणून आलात. चार महिने झाले, मानधनाचा एक रुपया नाही. पहिलीची लेकरं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. दिवाळीनंतर शाळा उघडली तर पट ३१ आणि वर्गात १२ लेकरं. शेवटी तुम्ही विचारलंय, "माझंच काही चुकतंय का? राजीनामा देऊन पुन्हा टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) द्यावी का?" मीही बालाघाटच्या डोंगरात द्विशिक्षकी शाळेवर लागलो तेव्हा हेच विचारत होतो, फक्त विचारायला कुणी नव्हतं. म्हणून जरा लांब लिहितोय.

टाचण, अध्ययन स्तर, निपुणच्या नोंदी यावर काही लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच.

आधी पटाचं. तुमचं काही चुकलेलं नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, ती परततात गुढीपाडव्याच्या मागंपुढं. नवरा-बायको मिळून एक कोयता (तोडणीची जोडी), मग लहान लेकराला सांभाळायला मोठी बहीण सोबत जाते. तुमच्या वर्गातली तिसरी-चौथीची पोरगी तिकडं कुठल्यातरी फडावर धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली असणार. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रोज संध्याकाळी रिकामी हजेरी बघत बसायचो, आपल्याला शिकवताच येत नाही असं वाटायचं.

आजी-आजोबांकडं राहिलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण त्यातून मिळतं. त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जातो. यंदा गेलाय का, हे मुख्याध्यापकांना विचारा. नसेल तर पुढच्या वर्षी पोळ्यापासूनच मागं लागा, दिवाळीनंतर त्याचा उपयोग नाही. गेलेल्या लेकरांना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे ज्यावर तिकडच्या शाळेत बसता येतं तो कागद, दिलंय का तेही बघा. आणि तांड्याच्या नायकाकडून आई-बापांचे फोन नंबर घ्या. आठवड्यातून एकदा फोन लावून लेकराशी बोलायचं. मी तेवढं केलं आणि पाडव्यानंतर लेकरं स्वतःहून शाळेत आली.

भाषेचं थोडक्यात सांगतो. चित्र दाखवून 'आई' म्हणाल तर लेकरू गप्प बसेल, 'याडी' म्हणा, लगेच बोलेल. चौथीतली एखादी हुशार पोरगी रोज अर्धा तास पहिलीत बसवा. तिच्याकडून तुम्ही शब्द शिका, वहीत लिहा. दोन महिन्यांत दोनशे शब्द होतात आणि पहिलीला तेवढे पुरतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं पूर्ण झाली आणि नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव गेला. आमच्या वेळी सुरुवातीचं मानधन महिना ३,००० होतं, आज प्राथमिकला १६,००० आहे. म्हणजे नियमित होणं ही माझ्यासाठी घर चालण्या-न चालण्याची गोष्ट होती. वडिलांच्या दवाखान्याचं कर्ज होतं. बरोबर लागलेल्यांचे आदेश निघाले, माझा नाही. कार्यालयात गेलो (कुठलं ते लिहीत नाही, आणि तिथली माणसंही आता बदलली असतील), तर टेबलावरून उत्तर आलं, "तुमचा पहिल्या वर्षाचा गोपनीय अहवाल आलेलाच नाही."

पहिल्या वर्षाचे माझे मुख्याध्यापक निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं गेलेले. रात्रीच्या एसटीनं पुण्याला गेलो. बिचाऱ्यांनी जेवू घातलं, नवीन अहवाल लिहून सही करून दिली. तो घेऊन आलो तर कार्यालयात म्हणाले, निवृत्त माणसाची आजची सही चालत नाही. मग म्हणाले, त्या वेळच्या विस्तार अधिकाऱ्यांचं पत्र आणा. ते आणलं तर साहेब प्रशिक्षणाला गेलेले. दर शनिवारी सकाळची शाळा करून काळी-पिवळीनं तालुक्याला जायचो आणि "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत यायचो. असे ११ महिने गेले. मानधनावरच. मी राजीनामा लिहून शर्टाच्या खिशात ठेवला होता, तो घामानं विरला म्हणून दुसरा लिहिला.

शेजारच्या गावचे एक गुरुजी होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. शिक्षण परिषदेत माझा चेहरा बघून त्यांनी बाजूला घेतलं. सगळं ऐकून एकच विचारलं, "तुमच्या शाळेची जावक नोंदवही बघितली का?" मी बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या गाडीवर शाळेत आले, कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात पोषण आहाराच्या पावत्यांखाली नोंदवही होती. त्यात जुन्या मुख्याध्यापकांच्या अक्षरात नोंद: शिक्षणसेवकाचा गोपनीय अहवाल, जावक क्रमांक, तारीख. मागच्या फाइलला स्थळप्रत (शाळेकडं ठेवायची प्रत) लावलेली, तिच्यावर कार्यालयाच्या शिक्क्यासकट पोच. अहवाल पहिल्याच वर्षी वेळेत गेला होता. हरवला तो कार्यालयात. त्या कपाटाला पाठ लावून मी चार वर्षं शिकवत होतो.

ती स्थळप्रत ठेवल्यावर तीन आठवड्यांत आदेश निघाला. "आमच्याकडून गहाळ झाला" हे वाक्य मात्र कुणाच्याही तोंडून निघालं नाही. त्याचा राग अजून जात नाही. माझ्यासोबत लागलेला एक हुशार मुलगा अशाच एका कागदापायी कंटाळून सोडून गेला. लेकरं त्याच्या गाडीचा आवाज ओळखायची, लांबूनच पळत जायची. तो शिकवायला कंटाळला नव्हता.

म्हणून ताई, सोमवारी शाळेतली आवक-जावक बघा. तुमचा रुजू अहवाल कोणत्या क्रमांकानं, कोणत्या तारखेला गेला? शालार्थसाठीची (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीसाठीची) कागदपत्रं कधी गेली? स्थळप्रतीवर पोच आहे का? नसेल तर दुसरी प्रत घेऊन जा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, मी बघतो" असं कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. दर वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी त्या वर्षाचा अहवाल गेल्याची नोंद स्वतः बघायची, मुख्याध्यापक देवमाणूस असला तरी. अडकलेलं मानधन साधारणपणे पुरवणी देयकात निघतं. मी शिक्षक आहे, लेखा विभागातला नाही. जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत थोडी वेगळी असते आणि शासन निर्णय बदलत राहतात, त्यामुळं अंतिम शब्द तुमच्या केंद्रप्रमुखांना विचारा.

पुन्हा टेट द्यायचं म्हणता, तर २०१७ नंतर दुसरी टेट २०२३ ला झाली आणि तिसरी २०२५ ला. पुढची कधी, यावर आयुष्य बांधू नका. परीक्षा जरूर द्या, पण हातातली नोकरी धरून. पदवीधर असाल, वय हातात असेल, घरी कुणी आजारी असेल तर हिशेब वेगळा, तो तुमचा तुम्हीच करायचा.

मुक्कामाचंही लोक तुम्हाला सांगतील, तांड्यावरच राहा म्हणून. मी राहिलो, मला फायदा झाला. पण एकट्या बाईनं कुठं राहावं हे मी सांगणार नाही. तालुक्याला आणखी दोघी शिक्षिका शोधून एक खोली घ्या, भाडं वाटलं जातं आणि संध्याकाळी बोलायला माणूस मिळतं. दुसऱ्या गोष्टीची किंमत जास्त आहे.

माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो. बदल्यांत जुनी माणसं सडकेवरच्या शाळा घेतात, उरलेल्या डोंगरातल्या जागा नवख्याच्या वाट्याला येतात. डी.एड.ला पाठ घेतले ते शहराजवळच्या शाळेत, एका वर्गाला एक शिक्षक असलेल्या. इथं दोघांत चार वर्ग, त्यात एक जण सारखा मीटिंगला. नव्या माणसाला हजर करून घेण्याआधी पंधरा दिवस एखाद्या चांगल्या द्विशिक्षकी शाळेत बसवा, पहिल्या वर्षी जवळचा एक जुना शिक्षक नेमून द्या, ज्यानं महिन्यातून एकदा शाळेत येऊन कपाटसुद्धा उघडून बघावं, आणि पहिलं मानधन पहिल्या महिन्यात द्या. प्रशिक्षणाच्या पुस्तिका त्यानंतर. मला माझे गुरुजी योगायोगानं भेटले. तुम्हाला ते नेमणुकीच्या आदेशासोबतच मिळायला हवे होते.

सोमवारी नोंदवही बघितली की रुजू अहवालाची तारीख आणि शालार्थचं काम नेमकं कुठल्या टप्प्यावर अडलंय तेवढं इथं लिहा. खातं क्रमांक, पॅन, शाळेचं नाव काही टाकू नका. बीडकडचे दोन-तीन जण इथं नेहमी असतात, तुमच्या केंद्राच्या आसपासचं कुणी जुनं माणूस आहे का, ते मी त्यांना विचारतो.