आधी तिचं पुस्तक परत द्या

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी दहावीत, गणितात ७२ गुण. तिला अंतराळवीर करायचं हे ती पाचवीत असतानाच ठरलेलं. त्यासाठी अकरावीला जीवशास्त्र सोडायचं, आणि चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून अवांतर वाचन बंद. '७२ वर भागेल का?' एवढंच तुम्हाला विचारायचं आहे.

गुणांची मला फारशी काळजी नाही. काळजी वाटली ती 'आम्ही ठरवलं' याची. पत्रात ते पाच वेळा आलंय. मुलगी बोलते एकदाच, तेही तुमच्या तक्रारीत: 'रॉकेटबद्दल काही विचारत नाही. मॅगेलनच्या सफरीचं पुस्तक घेऊन बसते आणि खलाशांच्या हिरड्या का सुजल्या, असलं काहीतरी विचारते.'

असलं काहीतरी! अहो, मॅगेलन हा सोळाव्या शतकातला दर्यावर्दी. पॅसिफिक ओलांडताना त्याच्या लोकांना तीन महिने वीस दिवस ताजं अन्न मिळालं नव्हतं. डोलकाठीच्या आडव्या वाशावरचं बैलाचं कातडं चार-पाच दिवस समुद्राच्या पाण्यात भिजवून, निखाऱ्यावर भाजून ते खात होते. हिरड्या अशा सुजल्या की चावता येईना, आणि माणसं मेली. हे सगळं टिपून ठेवणारा पिगाफेता मात्र, त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा तर, आजारी पडला नाही. तुमच्या मुलीचा पुढचा प्रश्न हाच असणार, 'मग तोच कसा वाचला?' तुम्ही याला वेळ घालवणं म्हणता. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीचे, म्हणजे ताज्या अन्नाविना हिरड्या सुजवणाऱ्या याच आजाराचे, १२ रुग्ण घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबू. सहा दिवसांत त्या शेवटच्या जोडीतला एक जण कामावर हजर! (तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळायला १७९५ उजाडलं. मोठी माणसं उशिराच ऐकतात.)

अंतराळप्रवासात हिरड्यांची जागा आता हाडांनी घेतली आहे. अवकाश स्थानकात पुरेसा व्यायाम झाला नाही तर कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, म्हणून तिथे रोज दोन तास घाम गाळावा लागतो. मंगळावर नुसतं पोचायलाच सहा ते नऊ महिने लागतात. तिथे पोचलेला माणूस पायावर उभा राहील का, हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे, आणि तुम्ही नेमकं जीवशास्त्र सोडायला निघालात.

आता चष्मा. हा गैरसमज इतक्या घरांतून ऐकलाय की तो एकदा नीट सांगतो. चष्मा लागला की अंतराळाची दारं बंद, असं नाही. नासाला अमेरिकी नागरिकत्व लागतं, पण नजरेच्या बाबतीत ती चष्म्यासह ६/६ होते का, एवढंच नासा पाहते. वैमानिक असण्याचीही सक्ती नाही, डॉक्टरही निवडले जातात. उलट बरेच दिवस वर राहिल्यावर चांगल्या डोळ्यांचाही नंबर बदलू शकतो, म्हणून अंतराळवीर जादा चष्मे सोबत नेतात! खरी अडचण आकड्यांची आहे. २०२१ मध्ये १२,००० हून अधिक अर्जांतून नासाने १० जण निवडले. ज्या वाटेवर हजारात एकालाही जागा नाही, ती पाचवीतल्या मुलीसाठी कुणी ठरवू नये.

विज्ञान शाखा, मग अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयची प्रवेश परीक्षा, हे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. मी एवढंच सांगेन की अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. शरीरक्रियाशास्त्र, पोषण, जैववैद्यकीय अभियांत्रिकी यांतलं काय घ्यायचं ते बारावीनंतर पाहू. गणितासाठी रोज तासभर पुरे.

पुस्तक आज रात्रीच परत द्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, पाठवण्याआधी तपासू नका.