केळीचा धागा रेझिनमधून उपसून का येतो?

तुम्ही विचारलंय की केळीच्या खोडाचा धागा पॉलिएस्टर रेझिनमध्ये (ओतल्यावर कडक होणाऱ्या पातळ प्लॅस्टिकमध्ये) घालून पत्रा केला, धागा हाताने तुटत नाही इतका चिवट आहे, तरी पत्रा वाकवला की मोडतो. मग कमी कोण पडतंय, धागा की रेझिन? माझं उत्तर : दोघंही नाहीत. कमी पडते ती दोघांमधली पकड.

मी बरीच वर्षं फायबरच्या कामात आहे, आणि केळीचा धागा पहिल्यांदा वापरला तेव्हा माझ्याही पत्र्याचं हेच झालं होतं. मोडलेली कड उजेडात धरून भिंगातून बघा. धागे ब्रशच्या केसांसारखे बाहेर आलेत आणि समोरच्या तुकड्यात सुईने टोचल्यासारखी गुळगुळीत भोकं आहेत? मग धागा तुटलेलाच नाही, नुसता उपसला गेलाय. पकड चांगली असेल तर धागे कडेलगतच तुटतात आणि त्यांच्या अंगाला रेझिनचे कण चिकटलेले दिसतात.

काचेच्या धाग्यांच्या मॅटला ही अडचण येत नाही, कारण काचेच्या धाग्यावर कारखान्यातच सायलेन या रसायनाचा लेप दिलेला असतो. त्याचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनला. केळी, ताग, अंबाडी, घायपात यांना असा मध्यस्थ नाही. उलट त्यांच्या अंगावर मेण, आणि पेक्टिन व लिग्निन हे धाग्यांना जोडून ठेवणारे पदार्थ असतात, आणि आतल्या सेल्युलोजला, म्हणजे धाग्याच्या मूळ पदार्थाला, पाण्याची ओढ असते. कोरडा दिसणारा धागासुद्धा हवेतून वजनाच्या ८–१० टक्के पाणी धरून बसतो. हे पाणी पॉलिएस्टरला नीट कडक होऊ देत नाही, आणि नंतर धागा सुकून आकसला की रेझिनपासून सुटतो.

म्हणून सर्वात महत्त्वाचं काम सुकवण्याचं. नुसतं ऊन पुरत नाही. ८० अंशांच्या आसपास काही तास ओव्हनमध्ये ठेवा, दर तासाला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की बाहेर काढून लगेच वापरा. पावसाळ्यात तर पिशवी बंद करूनच ठेवा.

सुकवण्याच्या आधी कॉस्टिक सोडा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, त्यात धागा दोन-तीन तास भिजवायचा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालाच. भांडं प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं अजिबात नको. मग भरपूर धुऊन शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. मेण निघून जातं, धागा खरखरीत होतो, त्याचे जुडगे सुटे होतात आणि रेझिनला धरायला जागा मिळते. सोडा जास्त तीव्र केला किंवा रात्रभर ठेवला तर मात्र धागाच कुजल्यासारखा कमजोर होतो. इथे घाई आणि हाव दोन्ही नडतात.

परवडत असेल तर पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी घ्या, वनस्पतीच्या धाग्याला ते जास्त चांगलं धरतं. फेनॉलिकही धरतं. पूर्व जर्मनीच्या ट्रॅबांट मोटारीचे बाहेरचे पत्रे कापसाचा टाकाऊ धागा आणि फेनॉलिक रेझिन गरम दाबून केलेले असत, आणि ती मोटार १९५७ ते १९९१ बनत होती. दाब महत्त्वाचा आहे. हे धागे फुगीर असतात, नुसत्या रोलरने हवा निघत नाही. वर सपाट फळी आणि वजन ठेवा. आणि पॉलिएस्टरच वापरणार असाल तर रेझिन कडक करण्यासाठी घालतात ती कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट ही दोन रसायनं एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो.

धागे बारीक कापलेत का? आखूड धागा रेझिनला धरायला पुरेशी लांबी देत नाही, तो उपसणारच. लांब धागे विंचरून, ज्या दिशेला ताण येणार त्या दिशेला लावा. काथ्या मात्र या कामाला घेऊ नका. त्याच्या आतले सेल्युलोजचे तंतू स्प्रिंगसारखे तिरके वळलेले असतात, म्हणून तो ताणला जातो खूप, पण भार फारसा पेलत नाही. जवसाचे तंतू जवळजवळ सरळ असतात. म्हणून जवसाचा चांगला धागा, वजनाच्या हिशेबात, ताठपणात काचेच्या बरोबरीला येतो : काचेची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) २.५, त्याची १.५ च्या आसपास.

पाण्याची टाकी किंवा होडी मात्र केळीच्या धाग्याची करू नका, कापलेल्या कडेतून पाणी शिरतंच. घरातले ट्रे, पार्टिशन, खुर्चीची बैठक यांना तो छान आहे.

आता एकाच धाग्याच्या तीन पट्ट्या करा : एक आहे तशी, एक फक्त सुकवलेली, एक सोडा लावून सुकवलेली. तिन्ही मोडा आणि कडा शेजारी ठेवून बघा. फोटो टाकलात तर पुढचं सांगतो.