बॉस्टनची वेळ, शिकागोचा विक्रम : वाचकांचे प्रश्न

अमेरिकी लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या विक्रमांवर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मॅरेथॉनच्या वेळा तास, मिनिटं, सेकंद या क्रमाने दिल्या आहेत. ट्रॅकवरच्या वेळा मिनिटं आणि सेकंदांत.

प्रश्न : कॉनर मँट्झने एप्रिल २०२५मध्ये बॉस्टन मॅरेथॉन २:०५:०८मध्ये पूर्ण केली. तेव्हाचा अमेरिकी विक्रम होता २:०५:३८, म्हणजे तो विक्रम तब्बल ३० सेकंदांनी मागे पडला. तरी विक्रम मँट्झच्या नावावर लागला तो ऑक्टोबरमध्ये, शिकागोत २:०४:४३ धावल्यावर. बॉस्टनचं अंतर कमी भरतं का?

अंतर पूर्ण भरतं. अडचण मार्गाच्या आकाराची आहे. रस्त्यावरच्या विक्रमासाठी मार्गाला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली उताराची: सुरुवातीपेक्षा शेवट खाली असला, तर हा फरक किलोमीटरमागे १ मीटरपेक्षा जास्त नको. मॅरेथॉनला म्हणजे ४२ मीटर. शर्यत सुरू होते त्या हॉपकिंटनपासून बॉस्टनपर्यंतचा हा उतार सुमारे १४० मीटर आहे. दुसरी अट अशी की सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नसावं. बॉस्टनमध्ये ते सुमारे ९१ टक्के भरतं, कारण शर्यत जवळजवळ एकाच दिशेने धावते.

दुसऱ्या अटीचं कारण वारा. १०० मीटरच्या शर्यतीत वारा मोजता येतो आणि सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त अनुकूल वारा असेल तर विक्रम धरत नाहीत. ४२ किलोमीटरच्या रस्त्यावर, दोन तास, प्रत्येक वळणावर वारा मोजणार कसा? म्हणून नियम मार्गालाच बांधून टाकतो. धावपटू जितका जातो तितका परत येत असेल, तर पाठीवरचा वारा कधीतरी तोंडावरही येतो.

वाऱ्याने काय होतं हे बॉस्टनइतकं स्पष्ट कुठे दिसत नाही. २०११मध्ये जोरदार वारा पाठीवर होता. जेफ्री मुताई २:०३:०२मध्ये आला, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा (२:०३:५९) ५७ सेकंद आधी, आणि चौथ्या आलेल्या अमेरिकेच्या रायन हॉलची वेळ होती २:०४:५८. दोन्ही वेळा विक्रमात धरल्या गेल्या नाहीत. त्याच रस्त्यावर २०१८मध्ये थंडी, पाऊस आणि समोरून वारा होता. पुरुषांचा विजेता युकी कावाउची २:१५:५८मध्ये आला आणि महिलांमध्ये डेस लिंडेन २:३९:५४ एवढ्या वेळेत जिंकली.

बॉस्टनच्या बाजूने बोलणारे म्हणतात, तिथे न्यूटन गावातले चढ आहेत, पेसमेकर (ठरलेला वेग राखून पुढे धावणारे साथीदार) नाहीत, म्हणून मँट्झची ती धाव अधिक मोलाची. आम्हालाही ती धाव फार मोठी वाटते. पण विक्रम म्हणजे वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वर्षी धावलेल्या वेळा एका ओळीत लावणं. ज्या रस्त्यावर एका वर्षी वारा मिनिटं देतो आणि दुसऱ्या वर्षी ती काढून घेतो, तो रस्ता त्या ओळीत बसत नाही.

प्रश्न : रस्त्याचं अंतर नक्की कोण आणि कसं मोजतं? माझ्या घड्याळात मॅरेथॉन नेहमी ४२.५ किंवा त्याहून जास्त दाखवते.

मोजणी सायकलने होते. पुढच्या चाकाच्या आसाजवळ जोन्स काउंटर नावाचं दातेरी चक्राचं छोटं यंत्र बसवतात. चाकाच्या एका फेऱ्यात ते वीसपेक्षा जास्त आकडे पुढे सरकतं, त्यामुळे एक आकडा म्हणजे साधारण ९ ते १० सेंटीमीटर. आधी पोलादी फितीने मोजलेल्या, निदान ३०० मीटर लांबीच्या सरळ पट्ट्यावर सायकल चार वेळा चालवून किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढतात. मग शर्यतीचा मार्ग मोजतात. तो झाला की पुन्हा त्याच पट्ट्यावर चार फेऱ्या.

नंतरच्या चार फेऱ्या का? टायरमधली हवा तापली की चाक किंचित मोठं होतं आणि किलोमीटरला आकडे कमी पडतात. ऊन ओसरलं की उलट. समजा, दुपारी काढलेला आकडा धरून संध्याकाळी गार रस्ता मोजला, तर ठरलेले आकडे लवकर पूर्ण होतात आणि मार्ग आखूड राहतो. आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहिला की ही चूक पकडली जाते. सुरक्षित वाट म्हणजे दोन्हींपैकी मोठा आकडा घेणं.

सायकल रस्त्याच्या मधून चालवत नाहीत. धावपटूला कायदेशीरपणे जितक्या जवळून जाता येईल त्या सर्वांत आखूड रेषेवरून चालवतात: वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, आणि दोन वळणांमध्ये सरळ तिरकी. शिवाय हजाराला एक एवढी भर घालतात. किलोमीटरला ११,००० आकडे पडत असतील तर ११,०११ धरायचे. मॅरेथॉनमध्ये ही भर ४२ मीटरची होते. मँट्झच्या शिकागोतल्या वेगाने ते अंतर कापायला साडेसात सेकंद लागतात.

ही भर फुकट घातलेली नाही. १९८१मध्ये आल्बेर्तो सालाझार न्यूयॉर्कमध्ये २:०८:१३ धावला आणि जगभर तो सर्वोत्तम वेळेचा मानकरी ठरला. नंतर मार्ग पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे १४८ मीटर आखूड निघाला. त्याच्या वेगाने ते अंतर २७ सेकंदांचं, म्हणजे पूर्ण मार्गावर वेळ २:०८:४०च्या आसपास आली असती. विक्रम गेला आणि त्याच वर्षी फुकुओकात २:०८:१८ धावलेल्या रॉब डी कॅस्टेलाकडे मान आला. धावपटूची यात काहीही चूक नव्हती, आणि म्हणूनच मोजणीची चूक इतकी जिव्हारी लागते. विक्रमाची शक्यता निर्माण झाली की मार्गाची फेरमोजणी होते ती यासाठी.

तुमच्या घड्याळाबद्दल: आपण ती आखूड रेषा पाळत नाही. काटकोनातल्या एका वळणावर मीटरभर बाहेरून गेलात की दीड मीटर वाढतो. पाणी घ्यायला कडेला जाणं, गर्दीतून वाट काढणं, त्यात उंच इमारतींमुळे उपग्रहाचा संकेत भरकटणं. मार्ग चुकीचा नाही.

प्रश्न : ग्रँट फिशरने फेब्रुवारी २०२५मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या छपराखालच्या ट्रॅकवर ५,००० मीटर १२:४४.०९मध्ये धावून केनेनिसा बेकेलेचा २००४चा इनडोअर जागतिक विक्रम (१२:४९.६०) मोडला. जूनमध्ये निको यंग ऑस्लोत १२:४५.२७ धावला आणि त्यालाही 'अमेरिकी विक्रम' म्हटलं गेलं. दोन्ही खरं कसं?

यंगचा विक्रम मोकळ्या मैदानावरचा. तिथे आधीची वेळ फिशरचीच १२:४६.९६ होती, ब्रुसेल्समधली, २०२२ची. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर फिशरचे १२:४४.०९ पुढे आहेत, आणि जागतिक नियमांनुसार सर्वसाधारण विक्रमाला छप्पर असलं तरी चालतं. उलटं चालत नाही: शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे इनडोअर यादीच्या, विक्रमासाठी एक फेरी २०१.२ मीटरपेक्षा मोठी नको. सिअॅटलच्या ३०७ मीटरच्या इनडोअर ट्रॅकवर कितीही वेगाने धावलं, तरी ती वेळ या यादीत येत नाही.

आता वादाचा मुद्दा, की छपराखाली सोपं जातं का. वारा नसतो, हे खरं. वळणांवर ट्रॅक आतल्या बाजूला झुकलेला असतो, हेही खरं. पण तो झुकाव मुळात तोटा भरून काढायला असतो. २०० मीटरच्या ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या साधारण साडेसतरा मीटर. फिशरच्या वेगाने तिथे शरीराच्या वजनाच्या जवळपास पाव भाग जोर बाजूला लागतो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर तो आठव्या भागाच्या आसपास असतो.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. पूर्ण फेरी आतल्या रेषेपासून १ मीटर बाहेरून धावलं, तर ६.२८ मीटर जास्त पडतात, मग ट्रॅक कितीही लांबीचा असो. मोठ्या ट्रॅकवर ५,००० मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या, लहानावर २५. म्हणजे तीच चूक बाहेर ७८ मीटरला पडते आणि आत १५७ मीटरला, फिशरच्या वेगाने १२ विरुद्ध २४ सेकंद. म्हणून इनडोअर विक्रमाच्या प्रयत्नात पेसमेकरनंतर एकामागे एक रांग धरून, आतली रेषा न सोडता धावण्याला इतकं महत्त्व असतं. आमच्या मते ही धाव सवलतीची नव्हे.

प्रश्न : आजचे विक्रम हे बुटांचे विक्रम आहेत, असं सर्रास बोललं जातं. तुमचं मत?

बुटांचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारणं अप्रामाणिक होईल. कार्बन पट्टी आणि हलका, उसळी परत देणारा फोम असलेले नायकीचे नमुने २०१६च्या अमेरिकी ऑलिंपिक चाचणीत काही धावपटूंच्या पायांत होते, बाजारात २०१७मध्ये आले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या मापनात त्यांनी धावण्याचा ऊर्जाखर्च सरासरी ४ टक्के कमी केला. पण ऊर्जेतले ४ टक्के म्हणजे वेळेतले ४ टक्के नव्हेत. वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो, त्यामुळे वेळेतला फायदा कमी पडतो. शिवाय तो प्रत्येक पायाला सारखा मिळत नाही.

२०२०पासून नियम आला: रस्त्यावर तळव्याची जाडी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि कडक पट्टी एकच. जाडी टाचेकडे बुटाच्या आतल्या लांबीच्या १२ टक्क्यांवर आणि पुढे ७५ टक्क्यांवर मोजतात. ट्रॅकवर ८०० मीटर आणि पुढच्या शर्यतींना २५ मिलिमीटरची मुभा होती, नोव्हेंबर २०२४पासून सगळ्यांना २०.

आता १०,००० मीटरचा अमेरिकी विक्रम पाहा. २००१मध्ये मेब केफ्लेझिगी २७:१३.९८. २०१०मध्ये ख्रिस सोलिन्स्की २६:५९.६०. गेलन रप २०११मध्ये २६:४८.०० आणि २०१४मध्ये २६:४४.३६. जुन्याच पद्धतीच्या स्पाइक्समध्ये (ट्रॅकवरच्या खिळ्यांच्या बुटांत) १३ वर्षांत जवळजवळ ३० सेकंद! त्यानंतर नव्या स्पाइक्सच्या काळात, २०२२मध्ये, फिशरने आणखी १०.५२ सेकंद घेतले आणि वेळ आली २६:३३.८४. बूटच सगळं करत असते तर उडी उलट ठिकाणी दिसली असती. प्रशिक्षण, उंच प्रदेशातला सराव आणि ठरवून आखलेल्या वेगवान शर्यती यांनी आधीच वाट काढली होती.

मॅरेथॉनमध्ये मात्र आम्ही जुन्याच्या बाजूने बोलू. खालिद खानुचीने २००२मध्ये लंडनला २:०५:३८ धाव घेतली, तेव्हा तो नुसता अमेरिकी नव्हे तर जागतिक विक्रम होता. मँट्झने साडेतेवीस वर्षांनी, नव्या बुटांत, ५५ सेकंद कमी केले, म्हणजे पाऊण टक्क्याहूनही थोडं कमी. मधल्या काळात जागतिक विक्रम २०२३च्या शिकागोत केल्व्हिन किप्टमने २:००:३५वर नेला होता. पाच मिनिटांहून जास्त. मँट्झचा विक्रम निखळ आहे. खानुचीची धाव त्याहून मोठी होती, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : खानुची मूळचा मोरोक्कोचा. मग विक्रम अमेरिकेचा कसा?

शर्यतीच्या दिवशीचं नागरिकत्व बघतात. १९९९मध्ये तो शिकागोत २:०५:४२ धावला, तो जागतिक विक्रम होता पण अमेरिकी नव्हे. २०००च्या मेमध्ये तो अमेरिकी नागरिक झाला आणि त्या वर्षी शिकागोतच धावलेले २:०७:०१ अमेरिकी विक्रम ठरले. ती वेळ आधीच्यापेक्षा हळू होती, तरीही.

प्रश्न : महिलांच्या मॅरेथॉनमध्ये दोन वेगळे विक्रम का ठेवतात?

पुरुष पेसमेकर चालतात की नाही, यावरून. मिश्र शर्यतीत वेगवान पुरुष पूर्ण ४२ किलोमीटर पुढे राहून हवा अडवू शकतो. केवळ महिलांच्या शर्यतीत पेसमेकर महिलाच असतात आणि त्या वेगाने शेवटपर्यंत सोबत करणारी मिळत नाही, त्यामुळे अखेरचा भाग एकटीने काढावा लागतो. अमेरिकी यादीत डीना कॅस्टरची २००६ची २:१९:३६ ही वेळ लंडनची, जिथे आघाडीच्या महिला वेगळ्या सुटतात. कीरा डामॅटोची २:१९:१२ (ह्यूस्टन, जानेवारी २०२२) आणि एमिली सिसनची २:१८:२९ (शिकागो, ऑक्टोबर २०२२) या मिश्र शर्यतींतल्या. सिसन आणि कॅस्टर यांच्यात ६७ सेकंद आहेत आणि मधे बुटांचा बदलही झाला आहे. दोघींच्या वेळा शेजारी लिहिताना हे दोन्ही तपशील लिहावेत.

प्रश्न : शिकागोत २०२४मध्ये रूथ चेपन्गेटिचने २:०९:५६ धावून महिलांचा जागतिक विक्रम केला. नंतर तिच्यावर बंदी आली. विक्रम का काढला नाही?

तिचा उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेला नमुना १४ मार्च २०२५चा होता, त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध सापडलं आणि तीन वर्षांची बंदी झाली. नियमाप्रमाणे निकाल रद्द होतात ते नमुन्याच्या तारखेपासून पुढचे. आधीचे निकाल काढायचे तर त्या काळातला वेगळा पुरावा लागतो. त्यामुळे १३ ऑक्टोबर २०२४ची वेळ यादीत आहे. अनेकांना हे पटत नाही, आणि त्यांची अस्वस्थता आम्हाला समजते. पण संशयावर विक्रम काढायची सोय ठेवली, तर उद्या ती कोणाविरुद्धही वापरता येईल.

प्रश्न : विक्रमासाठी चिपची वेळ धरतात की बंदुकीची?

बंदुकीची, म्हणजे सुरुवातीच्या इशाऱ्यापासूनची. चिपची निव्वळ वेळ (धावपटूने स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची) मागच्या रांगेतल्या धावपटूंच्या माहितीसाठी. रस्त्यावर अपूर्णांक नेहमी पुढच्या पूर्ण सेकंदाला चढवतात: घड्याळ २:०५:३७.१ दाखवत असेल, तर नोंद २:०५:३८ होते. ट्रॅकवर १०,००० मीटरपर्यंत शंभरावा भाग नोंदवतात, तिथेही फोटो-फिनिशमधला (अंतिम रेषेवरच्या छायाचित्रातला) हजारावा भाग शून्य नसेल तर वरच चढतो.