वली झालेल्या माणसाला शरियत लागू राहते का?

वली (ईश्वराच्या निकटचा संत) पदाला पोचलेल्या सूफीला नमाज-रोजा माफ होतो का, आणि होत असेल तर सूफी मन्सूर हल्लाजला देहदंड का झाला, असं तुम्ही विचारलंय. हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर: नाही, माफ होत नाही. गंमत म्हणजे हे उलेमांइतकंच (धर्मशास्त्राच्या विद्वानांइतकंच) ठासून सूफींनीही सांगितलंय. बगदादचे जुनैद (निधन 910) यांच्यासमोर कुणीतरी असाच दावा केला, की ईश्वराची ओळख पटलेल्यांना एका टप्प्यानंतर कर्माची गरज उरत नाही. जुनैद म्हणाले, असं म्हणणाऱ्यापेक्षा चोरी आणि व्यभिचार करणारा बरा. इतके कडक शब्द एखाद्या काझीच्या तोंडी शोभले असते! अब्दुल कादिर जिलानींना तर सगळे पीरांचे पीर मानतात, पण ते हंबली फिकहचे (इस्लामी कायदाशास्त्राच्या एका परंपरेचे) विद्वानही होते. त्यांच्याबद्दल सांगतात की एकदा दिव्य प्रकाश दिसला आणि त्यातून आवाज आला, 'तुला निषिद्ध गोष्टी हलाल केल्या आहेत.' त्यांनी लगेच ओळखलं, हा सैतान.

तरीही शंकेला जागा आहे, आणि ती खुद्द कुराणातच आहे. सूरह कहफमध्ये (18वी सूरह) पैगंबर मूसा (मोझेस) एका ज्ञानी पुरुषाबरोबर प्रवास करतात. परंपरा त्याला खिज्र म्हणते. तो गरिबांची नाव फोडतो, एका मुलाला मारून टाकतो, आणि ज्यांनी जेवायलाही घातलं नाही अशांच्या गावातली पडकी भिंत फुकट उभी करतो. मूसा दर वेळी हरकत घेतात. शेवटी तो कारणं सांगतो आणि म्हणतो, हे मी माझ्या मनाने केलेलं नाही. मग काहींनी तर्क लढवला: थेट ईश्वराकडून ज्ञान मिळालेल्याचा दर्जा कायद्याच्या वर. यावर उलेमांची उत्तरं ठरलेली आहेत. एक म्हणजे, खिज्र स्वतः नबी (पैगंबर) होते, असं बरेच जण मानतात. दुसरं मला जास्त पटतं: मूसांची शरियत बनी इस्राईलसाठी (इस्राईलच्या वंशजांसाठी) होती, त्यामुळे खिज्र तिच्या कक्षेबाहेर असू शकत होते. मुहम्मद पैगंबरांची शरियत मात्र सगळ्यांसाठी. त्यामुळे 'मी आजचा खिज्र' म्हणायची सोय कुणालाच उरत नाही.

माझ्या मते खरा वाद अनुभव खरा की खोटा हा नाहीच. सूफींवर कडाडून टीका करणारे धर्मशास्त्रकार इब्न तैमियाही वलींच्या करामती (चमत्कार) नाकारत नाहीत. वाद आहे तो अनुभव पुरावा म्हणून चालतो का, याचा. बहुसंख्य शास्त्रकारांच्या मते इल्हामवरून (मनात उतरलेल्या ईश्वरी प्रेरणेवरून) हलाल-हराम ठरत नाही. इब्न तैमिया खलिफा उमरचं उदाहरण देतात: ज्यांना इल्हाम होत असे असं हदीसच (पैगंबरांची नोंदवलेली वचनं) सांगते, तेही मनात आलेली गोष्ट कुराण आणि सुन्नतवर (पैगंबरांच्या आचरणावर) तपासून घेत.

एक सूट आहे, पण ती मोठेपणाची नाही. मज्जूब, म्हणजे ईश्वरी ओढीत भान हरपलेला, त्याला जबाबदार धरत नाहीत. कारण शुद्ध हरपलेल्या कुणावरच शरियत कर्तव्य लादत नाही. भान परतलं की नमाजही परत आली.

आता हल्लाज. 'अनल हक' ('मीच सत्य') म्हटलं म्हणून मारलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण 922 साली बगदादच्या खटल्यात निर्णायक ठरलेला मुद्दा हजचा होता. हजला जाणं शक्य नसेल त्याने घरातच एक जागा पवित्र राखावी, तिला प्रदक्षिणा घालावी, तीस अनाथांना जेवू घालावं, कपडे द्यावेत, म्हणजे हज झाली, असं त्यांच्या लिखाणात सापडलं. पाठीमागे दरबारी राजकारण होतं आणि वजीर हामिदला त्यांचा जीव हवाच होता, हेही खरं. पण काझीला फतव्यासाठी आधार मिळाला तो या मजकुरात, कारण इथे उन्मादात निघालेला उद्गार नव्हता, शरियतने घालून दिलेल्या फर्जला (अनिवार्य कर्तव्याला) सुचवलेला पर्याय होता.