फाशी यार्डातून निर्दोष बाहेर आलेल्या माणसाला मुलांनी काय विचारावं?

प्रश्न असा आहे: साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अमेरिकेतला एक माणूस अकरावी-बारावीच्या मुलांशी ऑनलाइन बोलणार आहे. त्याला फाशी सुनावली होती, पुढे तो निर्दोष ठरला. मुलांची तयारी कशी करून घ्यावी, त्यांना काय विचारू द्यावं, आणि आपल्या भागातलं असं कोणी बोलायला येईल का? कार्यक्रमाचा फलक तयार आहे, त्यावर लिहिलंय: ‘फाशीतून सुटलेल्या कैद्याशी गप्पा’.

सर, आधी तो फलक बदलून घ्या. बाकीचं नंतर.

मी सांगलीत फौजदारी वकिली करते. एकवीस वर्षं आरोपीच्या बाजूने उभी राहते आहे आणि ‘सुटला’ या शब्दाने माझं जेवढं डोकं फिरलंय तेवढं कुठल्या सरकारी वकिलानेही फिरवलेलं नाही. आपल्याकडे माणूस कर्जातून सुटतो, साडेसातीतून सुटतो आणि खुनाच्या केसमधूनही सुटतो. साक्षीदार फितूर झाले म्हणून बाहेर आलेला सुटतो आणि ज्याने काही केलंच नव्हतं तोही सुटतोच. मग चहाच्या टपरीवर पुढचा प्रश्न ठरलेला, ‘वकील कोण होता?’ त्या प्रश्नाने माझी फी वाढते आणि त्या माणसाची अब्रू जाते. तेव्हा ‘सुटलेला’ नको आणि ‘कैदी’ही नको. ‘निर्दोष’ हा शब्द मोठ्या अक्षरात घ्या, खाली त्याचं नाव घाला.

आता तयारीचं. दोन वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका कॉलेजने मला अशाच कामासाठी बोलावलं होतं. माणूस समोर नव्हता, अमेरिकेतल्या फाशी यार्डातून असेच निर्दोष बाहेर आलेल्या हुआन मेलेंडेझ यांच्या भाषणाचं रेकॉर्डिंग होतं. चार-पाच मिनिटं ऐकवायचं, थांबवायचं, मी मराठीत सांगायचं, असं दीड तास चाललं.

मेलेंडेझ मूळचे पोर्तो रिकोचे. अमेरिकेत फळबागांवर तोडणीच्या कामाला होते. मुलांना मी सांगितलं, आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या येतात ना, तसं समजा. १९८४ साली पेनसिल्व्हेनियात सफरचंदांच्या बागेत कामावर असताना त्यांना पकडलं, फ्लोरिडातल्या एका खुनासाठी. बोटाचा ठसा नाही, हत्यार नाही, रक्ताचा डाग नाही. पुरावा म्हणजे दोन माणसांचे जबाब. आणि ज्या भाषेत खटला चालला ती इंग्रजी त्यांना धड येत नव्हती. सोमवारी सुरू झालेला खटला त्याच आठवड्यात संपला, शुक्रवारी मृत्युदंड.

इथे वर्गात एक गंमत झाली. एक मुलगा म्हणाला, ‘भारी की, मॅडम, आपल्याकडं तर वीस-वीस वर्षं लागतात.’ हसले सगळे. मीही हसले, कारण तारखा मीच घेत असते. पण त्या मुलाला मी तिथेच विचारलं, एका आठवड्यात उलटतपास किती होईल? पंचांना कोण विचारणार? त्या दिवशी तू कुठे होतास, हे सांगणारा तुझा साक्षीदार गावाहून कधी येणार? गंभीर गुन्हा झाला की आपल्याकडे मोर्चात पहिली घोषणा ‘फास्ट ट्रॅक’ची असते. उशीर वाईटच, माझे पक्षकार त्यात म्हातारे झालेत. पण त्या आठवड्याभराच्या खटल्यापायी मेलेंडेझ यांना, अटकेपासून मोजले तर, सतरा वर्षं, आठ महिने आणि एक दिवस आत काढावा लागला. मेलेंडेझ प्रत्येक ठिकाणी हा आकडा असाच सांगतात, तो एक दिवस कधीच सोडत नाहीत.

त्यांचा मृत्युदंड रद्द कसा झाला, हा भाग मी वर्गात सर्वात सावकाश सांगितला. खून दुसऱ्याच माणसाने केला होता आणि त्याने तशी कबुली दिली होती, टेपवर. खटला उभा राहण्याच्या महिनाभर आधी. त्या टेपचा लेखी उतारा सोळा वर्षांनी सापडला आणि तो सापडला मेलेंडेझ यांच्याच पहिल्या वकिलाच्या फायलींत. पोलिसांनी दडवला, सरकारी वकिलाने दाबला, असं ऐकायची मुलांना सवय असते. इथे कागद आपल्याच वकिलाच्या कपाटात होता. ३ जानेवारी २००२ ला ते बाहेर आले, तेव्हा राज्याने हातात ठेवलं ते एक शर्ट, एक पँट आणि शंभर डॉलर.

खरं सांगायचं तर त्या रात्री मी घरी जाऊन जेवले नाही. आधी ऑफिस उघडलं, जुन्या निकाली फायलींचं कपाट उघडलं आणि ज्या केसमध्ये माझ्या माणसाला जन्मठेप लागली होती त्या पाच फायली चाळत बसले. काही सापडलं नाही. ‘बरं झालं’ असं वाटलं आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

मुलांना मात्र कागदापेक्षा आई जास्त भिडली. मेलेंडेझ यांची आई त्यांना पत्रं लिहायची, देव्हाऱ्यापुढे प्रार्थना करायची, तू बाहेर येणार म्हणून धीर द्यायची. ते परत आल्यावर तिने सांगितलं की ती मागे पैसेही साठवत होती, मुलाचा मृतदेह घरी आणायला लागतील म्हणून. मी हे मराठीत सांगितलं आणि वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आटपाडीकडची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘मॅडम, आमच्या गावाशेजारी स्वतंत्रपूर आहे. तिथले कैदी बायकापोरांसोबत राहतात, शेती करतात, बाजाराला येतात. त्यांनी तर खरंच खून केलेत. मग ह्यांना का कोंडून ठेवलं?’

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून थोडक्यात सांगते. स्वतंत्रपूर ही औंध संस्थानच्या काळापासूनची खुली वसाहत. भिंत नाही. शिक्षा लागलेली माणसं तिथे कुटुंबासह राहतात आणि आसपासच्या गावांना त्याचं काही वाटत नाही. सांगलीतल्या मुलांना तुरुंग म्हटलं की दुसरी गोष्ट आठवते ती वसंतदादांनी १९४३ साली इथला जेल फोडला त्याची. त्यामुळे आमच्या मुलांच्या डोक्यात कैदी म्हणजे भिंतीवरून उडी मारणारा वीर तरी, नाहीतर बांधावर भेटणारा शेजारी तरी. एकट्याच्या कोठडीत सतरा वर्षं बसलेला माणूस त्यात कुठे बसत नव्हता. त्या मुलीच्या प्रश्नाला मी काही चलाख उत्तर दिलं नाही. तिला म्हटलं, हाच प्रश्न वहीत लिहून ठेव.

तुमच्या मुलांना असे प्रश्न विचारू द्या. कोठडी किती पावलांची होती, जेवण किती वाजता यायचं, शेजारच्याशी बोलायचं कसं, पत्र पहिल्यांदा कोणाचं आलं, तो कागद कोणाला सापडला, इंग्रजी कोणी शिकवली (मेलेंडेझ यांना ती तिथल्याच इतर कैद्यांनी शिकवली). ‘तुम्ही त्यांना माफ केलंत का?’ हा प्रश्न मात्र पहिला येऊ देऊ नका. तो येतोच, सगळीकडे येतो, बहुधा पुढच्या बाकावरून. त्यात विचारणाऱ्यालाच मोकळं व्हायचं असतं. समोरचा ‘हो’ म्हणाला की टाळ्या वाजवून डबे उघडायला आपण मोकळे.

एक सावधगिरी मनापासून सांगते. ही माणसं आपण मरून जावं असं वाटलेल्या दिवसांबद्दलही बोलतात. मेलेंडेझ बोलतात. बारावीचं वर्ष आहे, मुलं आधीच ताणाखाली असतात. समुपदेशक असतील तर त्यांना वर्गातच बसवा, नसतील तर मुलं ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात अशा एखाद्या बाईंना. कार्यक्रम संपल्यावर लगेच घंटा देऊ नका.

अमेरिका लांब आहे, म्हणून आधीच्या तासाला आपल्याकडची गोष्ट सांगा. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका वस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. सहा जण पकडले गेले, सगळे मजूर, भटक्या जमातींतले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशी. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने आपलाच निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

का सोडलं, ते मुलांना नीट सांगा, कारण ‘संशयाचा फायदा’ हा शब्द ऐकला की लोक पुन्हा ‘सुटला’वर येतात. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ते चौघे हे नव्हतेच, भलतेच होते. त्या चौघांचा तपास झाला नाही.

‘मॅडम, पण मेलेल्यांचं काय?’ असं आमच्याकडे एकाने जरा रागानेच विचारलं होतं. तुमच्याकडेही विचारतील, विचारू द्या, प्रश्न बरोबर आहे. सोळा वर्षं सहा चुकीची माणसं आत होती. म्हणजे ज्यांनी ते केलं ते सोळा वर्षं बाहेर होते. त्या कुटुंबाची फसवणूक आरोपींपेक्षा कमी झालेली नाही.

कोर्टाने सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. वर्गातल्या एका पोराने मोबाइलवर हिशोब केला. दिवसाला ८६ रुपयेही पडत नाहीत. आपल्याकडे अशा भरपाईचा कायदाच नाही, विधी आयोगाने २०१८ साली २७७ व्या अहवालात तो करावा म्हणून सुचवलं होतं. त्यामुळे कोर्टाच्या मनात आलं तर मिळतं.

दोन प्रकरणं मुलं हमखास काढतील. पुण्याचं १९९४ चं हत्याकांड: त्यातल्या एकाला २०२३ साली सुप्रीम कोर्टाने सोडलं ते गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय १२ वर्षं होतं म्हणून. तो निर्दोष ठरला नाही, त्याला फाशी देणं बेकायदा ठरलं. दोन्हींत फरक आहे, सरमिसळ होऊ देऊ नका. दुसरं, मुंबईच्या रेल्वे बॉम्बस्फोटांचं. २१ जुलै २०२५ रोजी हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांत पाच जण फाशीचे होते आणि त्या पाचांतला एक निकालाआधीच, २०२१ साली, तुरुंगात वारला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय आणि या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देता येणार नाही असं तिथे ठरलंय. एवढं सांगून थांबा. त्यावर वर्गात हात वर करून मतदान घेऊ नका.

राहिला शेवटचा प्रश्न, आपल्या भागातलं कोणी. फाशीचं नाही, पण खुनाच्या आरोपात चार वर्षं कच्चा कैदी म्हणून काढलेला माझा एक पक्षकार आहे, जत तालुक्यातला. निकालात स्वच्छ लिहिलंय की तो घटनास्थळी नव्हता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याची आई पेढे घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, ‘वकीलबाई, तुमी घ्या. गावात न्हाई वाटलं.’ पुढे दोन वर्षं गावच्या यात्रेची वर्गणी मागायला त्याच्या दारात कोणी आलं नाही. मागची आळी झाली, पुढची आळी झाली, मधलं घर वगळलं. कोणी वाईट बोललं नाही, भांडण नाही, फक्त पावतीपुस्तक त्याच्या उंबऱ्याशी थांबलं नाही. ही गोष्ट तो मला सांगतो तेव्हा तुरुंगातल्या चार वर्षांपेक्षा जास्त वेळ घेतो.

तुमचा प्रश्न वाचून मी काल त्याला फोन केला. साताऱ्याला येशील का, पोरांशी बोलशील का, असं विचारलं. आधी म्हणाला, ‘मला भाषण येत न्हाई.’ मी म्हटलं, भाषण नको, वर्गणीचं सांग. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, यंदा तो स्वतःच देवळात गेला, पाचशे एक रुपये ठेवले आणि पावती लिहून घेतली. नाव पूर्ण लिहायला लावलं, वडिलांच्या नावासकट. येताना ती पावती आणू का, असं विचारत होता. मी ‘आण’ म्हटलंय. तारीख कळवा, त्याच्या एसटीचं मी बघते.