जीटीओचं नंतर बघू

प्रश्न: वय ५१, डेट्रॉइटजवळ एका ऑटो कंपनीत इंजिनिअर, पगार वर्षाला १,४०,००० डॉलर. १९९६ ला शिकायला आलो तेव्हा घरमालक आजोबांनी त्यांच्या १९६७ च्या पाँटियाक जीटीओतून वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर फिरवलं होतं. तो आवाज अजून कानात आहे. तशीच गाडी ६५,००० ला मिळतेय (व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, २३७१७ ने सुरू). ४०१(के) मधून, म्हणजे कंपनीतल्या निवृत्ती खात्यातून, ५०,००० कर्ज काढतो, बाकी बचतीतून. दहा वर्षांत दुप्पट होईलच. घेऊ का? ता. क. त्या खात्यात मी भरेन तेवढेच कंपनीही भरते (मॅच), पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत; मी ३ टक्केच भरतो, कारण मंडळातल्या मित्राकडून घेतलेल्या इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफला (शेअर निर्देशांकाशी जोडलेली आयुर्विमा पॉलिसी) नऊ वर्षं महिना १,००० जातात. सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज बंद केली तर हातात येणारी रक्कम, ६६,०००.

उत्तर: खरा घोळ ता. क. मध्ये आहे. मॅचचे वर्षाला ४,२०० डॉलर तुम्ही नको म्हणताय. नऊ वर्षांत ३८,००० गेले, तेही वाढ न धरता. आणि कशासाठी? १,०८,००० भरून ६६,००० हातात येणाऱ्या पॉलिसीसाठी! ‘बाजार पडला तरी तोटा नाही’ असं मित्राने ऐकवलं असणार. चढ्या बाजारातल्या परताव्याला कॅप, म्हणजे वरची मर्यादा, असते, लाभांश धरत नाहीत आणि विम्याचा खर्च बाजार पडला तरी कापला जातो, वयाबरोबर वाढतो, हे राहून गेलं. पुढच्या गणपतीत तो भेटेल. मोदक घ्या, सही करू नका.

आधी साधा टर्म विमा मंजूर करून घ्या, मगच ही पॉलिसी बंद. सरेंडर चार्ज (मुदतीआधी बंद केल्याची कपात) कधी संपतो ते कंपनीकडून लेखी मागवा. दोनचार महिन्यांचा प्रश्न असेल तर थांबा. ४०१(के) मात्र याच महिन्यात ६ टक्के करा. महिना ३५० चा प्रश्न आहे.

कर्ज नाही. पाच वर्षं महिना हजाराचा हप्ता. मध्येच नोकरी गेली तर त्या वर्षीचं रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत सगळं फेडा, नाहीतर उरलेल्यावर आयकर आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंड. ऑटो कंपन्यांतली कपात तुम्हाला मी सांगायला नको.

दुप्पट म्हणजे वर्षाला सात टक्के. विमा, हिवाळ्यात गॅरेज, दुरुस्ती मिळून वर्षाला अडीच हजार धरा, उरले जेमतेम चारेक टक्के. पाँटियाक ब्रँडच २०१० ला बंद झाला. ही गाडी शोरूममध्ये नवी पाहिलेली पोरं आज पंचाहत्तरी ओलांडलेली. त्यांच्या गाड्या विकायला निघतील तेव्हा घेणार कोण?

आजोबांच्या आठवणीसाठी घ्यायची तर जरूर घ्या, तीनेक वर्षांनी, रोखीने. पण ही नको. १९६४-६५ ला जीटीओ हे पाँटियाकच्याच ले मान्स या मॉडेलवर मिळणारं ऑप्शन पॅकेज होतं. १९६६ पासून वेगळं मॉडेल झालं आणि व्हीआयएन २४२ ने सुरू होऊ लागला. २३७ म्हणजे ले मान्स. कोणीतरी तिला जीटीओचे बिल्ले डकवलेत. विकणाऱ्याकडे पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसचे (जुन्या पाँटियाकच्या कारखान्यातल्या नोंदी देणारी संस्था) कागद मागा आणि तो काय म्हणतो ते मला कळवा.