कॉर्डरॉयची गोधडी शिवताय? आधी लव बघा

जुन्या पँटींचं कॉर्डरॉय असेल तर उत्तमच, आटायचं ते आटून झालेलं असतं. नवं कापड मात्र कापण्याआधी धुऊन वाळवाच. मग त्यावर हात फिरवा: एका दिशेला मऊ लागतं, उलट दिशेला खरखरीत. ही लव सगळ्या तुकड्यांवर एकाच बाजूला ठेवा, नाहीतर एकाच ताग्यातले दोन तुकडे वेगवेगळ्या रंगाचे दिसतात. (मुद्दाम उलटसुलट लावलं तर तीच नक्षी होते, पण तो खेळ दुसऱ्या गोधडीला.) प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढून ठेवा.

शिलाईला अर्धा इंच माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) सोडा. पाव इंचात कडेचे धागे सुटतात. १६ नंबरची सुई, लांब टाका आणि टाचण्या जवळजवळ, कारण वरचा थर सरकतो. इस्त्री उलट बाजूने, खाली टॉवेल घालून. आत कापूस नको, फार जड होईल. जुनं सुती लुगडं अस्तराला पुरे.

अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड गावच्या बायकांना १९७२मध्ये सिअर्स या दुकान कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं, त्यातल्या उरलेल्या कापडाच्या त्यांनी गोधड्या केल्या. त्या गोधड्यांचे फोटो जरूर बघा: मोठे तुकडे, सरळ शिवणी. आणि हो, मशीनचं बॉबिन केस (खालच्या धाग्याची डबी) मधूनमधून ब्रशने झाडा, या कापडाचा भुसा फार.